शारदेच्या बाटलीतले जंतू

परभणीत स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत माझी दोन खोल्यांची लॅब होती. पाटीवर माझं नाव होतं, सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी होती, पण ते वाचून कधी कुणी आलं नाही. रिक्षावाल्याला 'लघवीवाल्या बाईंकडं' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. सुरुवातीला मला राग यायचा. पुढं वाटायला लागलं, जो शब्द या जिल्ह्यातल्या घराघरांत तोंडातून निघत नाही, तो निदान माझ्या दारात तरी मोठ्यानं निघतो. निघू दे.

लोक नमुना कशात आणायचे ते सांगितलं तर दिवाळीचा फराळ खात हे वाचणाऱ्यांवर अन्याय होईल, तरी सांगते. खोबरेल तेलाच्या बाटलीत, अत्तराच्या कुपीत, एकदा तर सरबताच्या बाटलीत, तळाशी गुलाबी रंग शिल्लक असलेल्या. एक हेडमास्तर बाटली वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र रुमालात आणि रुमाल पिशवीत गुंडाळून आणायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "मिसेसचं ते." शेवटी मी बाटल्या उकळून तयार ठेवायला लागले. माझं काम तसं सोपं होतं. जंतूंचं खाद्य घातलेल्या बशीत नमुन्याचा थेंब ओढायचा, बशी उबेत ठेवायची, दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं आणि त्यावर कोणतं औषध चालेल ते तपासून डॉक्टरांना कळवायचं. येणाऱ्या बहुतेक बायका असत. आणि बाईबरोबर जो कुणी येई, नवरा किंवा सासू, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हिला हे झालं कशानं?" त्या प्रश्नात काळजी फार क्वचित असायची. तो आरोप असायचा.

पुढची हकिकत कळावी म्हणून जंतूंबद्दल थोडं सांगायला हवं. ई. कोलाय नावाचा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि तिथं निमूट राहतो. बाईच्या शरीराची ठेवणच अशी, की तिथून मूत्रमार्ग अगदी जवळ. जंतू तिथवर पोचणं ही रोजचीच गोष्ट. तरी सगळ्या बायका रोज आजारी पडत नाहीत, कारण लघवीची धार जंतूंना धुऊन बाहेर काढते. पण काही जंतूंच्या अंगावर केसांसारखे धागे असतात. प्रथिनाचे कण एकापुढे एक ओवून झालेले, इतके बारीक की माझ्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नसत. धाग्याच्या टोकाला एक वेगळं प्रथिन असतं आणि त्याला माणसाच्या पेशीवरची एक ठरावीक साखर ओळखता येते. चहातली साखर नव्हे, आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्या असतात, त्यातली एक. ती सापडली की टोक तिथं पक्कं बसतं. असे शेकडो धागे एकदम बसले, की धार आली तरी जंतू जागचा हलत नाही. तिथंच वाढतो, वर सरकतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. मग थंडी वाजून ताप, कमरेत कळा. काही जणींच्या पेशींवर त्याची पकड जास्त बसते, काहींच्या कमी. ते जन्मतःच असतं. त्यात बाईच्या वागण्याचा काहीही भाग नसतो. मी औरंगाबादला शिकले तेव्हा हे पुस्तकात नव्हतं. माझ्या सरांनी नंतर मला लेख वाचायला दिले आणि मी वेड्यासारखी वाचत गेले.

शारदा पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. पिंगळी स्टेशनवर रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची ही मुलगी, देखणी म्हणून चारठाण्याच्या बागायतदार घरात दिलेली. सासूला सगळे आक्का म्हणत. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाजात जरब. शारदा चार महिन्यांची गरोदर होती आणि बाकावर नीट बसवत नव्हतं तिला.

"लगीन होऊन आली तवापासून चालूच हाय," आक्का म्हणाल्या. "घडी घडी ताप, घडी घडी आग. माहेरूनच आणलंय हे दुखणं. आमच्या घरात असलं काही नव्हतं."

मी शारदेला आत नेलं आणि विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस?

"पितच न्हाई, बाई."

"का?"

"पाणी पिलं तर मग जावं लागतंय. आमच्यात पहाटं उजाडायच्या आत जायचं अन् मग दिवस बुडाल्यावर. मधी कुठं जायचं? घरात गडीमाणसं असतेत. मोठ्या घरच्या सुना दिवसाढवळ्या तांब्या घेऊन निघत न्हाईत."

म्हणजे जंतू चिकटून बसलेला आणि त्याला धुऊन काढणारी एकमेव गोष्ट दिवसभर अडवून धरलेली. तिच्या बशीत दुसऱ्या दिवशी ई. कोलायची दाट पेर उगवली. मी औषध कळवलं, पूर्ण घ्यायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं. आग थांबली तशी घरच्यांनी गोळ्या थांबवल्या. जे चिकटून राहिले होते ते पुन्हा वाढले.

सातव्या महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून मोर्चे निघत आणि बदलू नये म्हणूनही निघत. त्या दिवशी बंद होता, एसटी नव्हती. घरची जीप होती, पण ती आबासाहेब, म्हणजे शारदेचे सासरे, माणसं भरून जिंतूरला घेऊन गेले होते, नाव बदलायला विरोध करायला. जीप दुसऱ्या दिवशी रिकामी झाली, तेव्हा शारदेला परभणीच्या दवाखान्यात आणलं. तोवर कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला. तो जगला नाही.

मी तिला बघायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आक्का खाटेशेजारी खाली बसल्या होत्या, त्यांनी मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. 

महिन्याभरानं शारदेचा नवरा दिगंबर एकटाच लॅबमध्ये आला. चांगला शिकलेला होता, बी. ए. झालेला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, खरं सांगा. हा बाहेरचा रोग तर न्हाई ना?"

"बाहेरचा म्हणजे?"

"म्हणजे... घरात लोक बोलायलेत. असलं दुखणं चांगल्या बाईला होत न्हाई म्हणायलेत."

मला इतकी चीड आली, की मी उठून त्याचा हातच धरला. म्हटलं, बोट पुढं करा. त्याला काही कळायच्या आत बोटाला सुई टोचली. त्याचं रक्त मिठाच्या पाण्यात धुऊन तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि काचेच्या पट्टीवर त्यांचा थेंब ठेवला. शारदेच्या नमुन्यातले जंतू मी जपून ठेवले होते. ते त्या थेंबात मिसळले आणि पट्टी हलक्या हातानं डोलवली. जी साखर मूत्रपिंडाच्या पेशींवर असते, तीच बहुतेक सगळ्या माणसांच्या तांबड्या पेशींवरही असते. धागेवाला जंतू एका बाजूनं एक पेशी धरतो, दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि थेंबाचे दाणे होतात. बऱ्याच ई. कोलायच्या अंगावर असणारे साधे धागे सरांनी दिलेल्या एका खास शर्करेच्या थेंबानं पकड सोडतात, मूत्रपिंडाला धरणारे सोडत नाहीत; तो थेंबही मी टाकला. हे सुटले नाहीत. ताक फुटावं तसा तो थेंब डोळ्यादेखत फुटला.

"बघा," मी म्हटलं. "तुमच्या बायकोच्या अंगातला जंतू, आणि हे तुमचं रक्त. कसं घट्ट धरलंय. आता सांगा, तुम्ही कसले आहात? चांगले की वाईट?"

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या रक्तात बी बिघाड हाय?"

"बिघाड कुणातच नाही. जंतूला पकडायला जागा सापडते, तो पकडतो. तो माणूस बघत नाही."

तो पट्टीकडे बघत राहिला. त्याला पटलं होतं, मी शपथेवर सांगते. आणि मग त्यानं विचारलं, "पण आबांना काय सांगू?"

"त्यांना सांगा, घरात संडास बांधा. सुना दिवसभर कोंडून घेतात, पाणी पीत नाहीत, म्हणून हे होतं."

"ते तुमीच येऊन सांगा, बाई. माझं कोण ऐकायलंय?"

मी गेले. जिंतूरपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. चारठाण्याच्या जुन्या देवळांचे कोरीव दगड त्यांच्या ओट्याच्या पायऱ्यांना लावले होते, एका पायरीवर तर अर्धी अप्सरा होती. आबासाहेबांनी माझं स्वागत चांगलं केलं, खुर्ची दिली, चहा दिला. आक्का दाराआड उभ्या होत्या, काकणं तेवढी वाजत होती. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, तुमी लय शिकलेल्या. तुमच्याबद्दल आमाला इज्जत हाय," ते म्हणाले. "पण आमच्या घरात देवघर हाय. सोवळं हाय. त्याच छपराखाली संडास? गाव काय म्हणंल?"

"मागच्या बाजूला, गोठ्याच्या पलीकडं बांधा."

"गोठ्यात लक्ष्मी असती. आमच्या आईनं, आमच्या आजीनं ह्याच घरात दिवस काढले. कोणी मागितला न्हाई संडास. ही रेल्वेच्या क्वार्टरातून आली, हिलाच कामून लागायलाय?"

मी दाराकडे बघून म्हटलं, "आक्का, तुम्ही तरी सांगा."

काकणं थांबली.  दिगंबर खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. मी चहाचा कप अर्धा ठेवून उठले. आबासाहेबांनी मला पोचवायला जीप दिली. 

शारदा पुन्हा गरोदर राहिली तेव्हा ती आपली आपण लॅबमध्ये आली, पिंगळीहून. माहेरी म्हणून आली होती. नमुना दिला, बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई, मी आता जात न्हाई."

"कुठं?"

"चारठाण्याला. क्वार्टरात संडास हाय. दार लावून घ्यायचं, पाणी प्यायचं, जायचं. इतकं सोपं हाय हो ते! मला महिना झाला ताप न्हाई. हे लेकरू मला जगवायचंय. बाळंत झाल्यावर बी, घरात संडास बांधला तरच जाईन."

"सांगितलंस त्यांना?"

"यांना सांगितलं. हे म्हणले, बघतो. हे हमेशाच बघतेत."

तिच्या वडिलांना फिकीर लागली होती. लग्न झालेली लेक क्वार्टरात, आणखी दोन मुली लग्नाच्या. पण त्यांनी तिला जा म्हटलं नाही, हे त्या माणसाचं मोठेपण. मी तिचा नमुना दर पंधरवड्याला तपासला. एकदा जंतू निघाले, वेळेवर औषध दिलं, पूर्ण दिलं. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. रडताना अख्खं स्टेशन ऐकेल असा आवाज.

चारठाण्याहून बघायला कुणी आलं नाही. निरोप आला, की रोगट बाई आणि वर हट्टी, आमाला नको. गावच्या चार लोकांना बसवून काडीमोड केली. दिगंबर तेव्हाही होता तिथं, आणि मला खात्री आहे, तो जमिनीकडेच बघत असणार. वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न लागलं. शारदा लग्नातल्या साड्या कापून त्यांची झबली शिवत बसली. पुढं पिंगळीच्या अंगणवाडीत लागली. मी तिला एकदा म्हटलं, तू जिंकलीस. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तो शब्द मी पुन्हा तिच्यासमोर काढला नाही.

आम्ही लॅबवाली माणसं जंतू ओळखतो, औषध सांगतो आणि आपलं काम झालं असं समजतो. चिकटणाऱ्या प्रथिनावर मी मेडिकलच्या लोकांसमोर एकदा बोलले होते. टाळ्या पडल्या. एका डॉक्टरांनी चहाच्या वेळी विचारलं, "छान आहे हो, पण याचा परभणीत उपयोग काय?" त्यांना मी दिगंबरच्या थेंबाची गोष्ट सांगणार होते. नाही सांगितली. उपयोग झालाच नव्हता, तर काय सांगणार?

बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठाच्या नावाचा वाद एकदाचा मिटला त्याच्या आसपास, आक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, चेहऱ्यावर सूज होती. बरोबर दुसरी सून, कमल. नाजूक, घाबरलेली, बाकावर नीट न बसवणारी.

"हिला बी तेच होयलंय," आक्का म्हणाल्या.

  कमलला आत नेलं, बाटली दिली आणि विचारलं, घरात अजून संडास नाही का?

"हाय की. बांधलाय."

"मग?"

"मामाजींना अर्धांगवायू झाला, त्यांना बाहीर नेता येईना, तवा बांधला. देवघराच्या मागंच हाय." ती हळूच म्हणाली, "तो त्यांचाच हाय. बायकांनी न्हाई वापरायचा. आमी पहाटंच जातो."

मी बाटलीवर नाव लिहिलं.  कमल बाहेर गेली तशा आक्का आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पदराखालून एक शीशी काढून माझ्या टेबलावर ठेवली. खोकल्याच्या औषधाची, स्वच्छ धुतलेली.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "तपासा. सुनेला सांगू नका."

"कधीपासून आहे?"

"लगीन होऊन आले तवापासून."

मला वाटलं होतं, मला त्यांची कीव येईल. नाही आली. मला रागच आला. खाटेशेजारी बसलेल्या, पदर तोंडाला लावलेल्या आक्का डोळ्यासमोर आल्या. मी विचारलं, "मग शारदेला रोगट का म्हणालात?"

त्यांनी मान वर केली नाही. "घरात कोणाला तरी म्हणायचंच होतं, बाई."

त्यांच्या शीशीत जंतू निघालेच, पण ते आता महत्त्वाचे नव्हते. लघवीत प्रथिन उतरत होतं, रक्ताची तपासणीही वाईट आली. इतकी वर्षं चढत गेलेल्या जंतूंनी दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली होती. औरंगाबादला न्यायला हवं, असं मी दिगंबरला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, बघतो. घरात म्हणे असं ठरलं, की या वयात कशाला हाल करायचे. जीप होती. रस्ताही तेव्हा चांगला झाला होता. त्या उन्हाळ्यात आक्का गेल्या.

कमलला मी पूर्ण औषध देववलं आणि स्वतः चारठाण्याला जाऊन दिगंबरसमोर तिला म्हटलं, उद्यापासून त्या संडासात जायचं, कुणी विचारलं तर माझं नाव सांग. ती गेली की नाही, मला माहीत नाही. पुन्हा आली मात्र नाही. बरी झाली म्हणून आली नाही, की तिला आणलंच नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

आक्का गेल्यावर मी पिंगळीला गेले. सुनेला सांगू नका म्हणून त्यांनी सांगितलं होतं, पण ते कमलबद्दल, असं मी स्वतःला समजावलं. दुपार होती. अंगणवाडीतली मुलं जेवून आडवी झाली होती, शारदा दुसऱ्या दिवशीच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. तिची मुलगी शाळेला गेली होती. मी सगळं सांगितलं. शीशी, लगीन होऊन आले तेव्हापासूनचं दुखणं, सगळं. सांगताना माझाच आवाज चढत होता.

शारदेचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"आमी दोघी पहाटं संगंच जायचो की. माझ्या आधी बसायच्या अन् माझ्या मागून उठायच्या. पदराचा बोळा दातात धरायच्या. अंधार असला म्हणून काय झालं, बाईला बाईचं कळतंय."

"अगं, मग बोलली का नाहीस? तुला रोगट म्हणत होत्या, तुझं घर मोडत होतं, तेव्हा चारचौघांत एकदा बोलायचं होतंस, की यांनाही आहे!"

तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बोलले असते तर त्यांनाबी हाकललं असतं, बाई. मला पिंगळी होती. त्या कुठं गेल्या असत्या?"